उपसा वाढला की जमिनीखालचा दाब का उतरतो?

१. उष्णता आहे, मग अडते कुठे?

भूऔष्णिक विजेबद्दल थोडेफार वाचले की एक प्रश्न पडतोच. पृथ्वीच्या पोटात अमाप उष्णता आहे, ती रात्रंदिवस आणि बाराही महिने मिळते, कोळसा लागत नाही. मग अशा केंद्राची वीज काही वर्षांनी कमी का होते? कॅलिफोर्नियातले 'द गीझर्स' हे जगातले सर्वांत मोठे भूऔष्णिक क्षेत्र. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे सुमारे २,००० मेगावॅटची यंत्रे उभी होती आणि त्यांना पुरेल इतकी वाफ येत नव्हती. खालचा खडक मात्र तसाच तापलेला होता.

आधी उष्णतेचा हिशेब करून टाकू, म्हणजे संशय राहायला नको. एक घनमीटर खडक एका अंशाने थंड झाला तर त्यातून साधारण २५ लाख जूल उष्णता बाहेर पडते. एक घनकिलोमीटर म्हणजे १०० कोटी घनमीटर. एवढा खडक वर्षभरात अवघ्या एका अंशाने निवला, तरी ती उष्णता वर्षभर ८० मेगावॅटच्या दराने मिळत राहील. तिचा दहावा भाग विजेत उतरला असे धरले, तर ८ मेगावॅट वीज. आता १० घनकिलोमीटरचा साठा घ्या. खालून नवी उष्णता अजिबात येत नाही असे मानले तरी वर्षाला एक-सव्वा अंश थंडावण्याच्या बदल्यात तो १०० मेगावॅटचे केंद्र चालवू शकतो. अडीचशे अंशांच्या खडकाला वीस-तीस वर्षे हे सहज परवडते. म्हणजे उष्णता लवकर संपते म्हणून वीज घटते, हे उत्तर बहुतेक ठिकाणी लागू पडत नाही.

खडक काही वर येत नाही. त्याची उष्णता वर आणते ते भेगांमधून वाहणारे पाणी किंवा वाफ. आणि पाणी भेगांमधून विहिरीकडे सरकते ते दाबामुळे. आधी उतरतो तो हा दाब. तो कसा उतरतो, किती उतरतो आणि कुठे थांबतो, हे एकदा कळले की भूऔष्णिक विजेचे अर्धे शास्त्र हाती आले.

२. शेतातली विहीर

भूऔष्णिक साठ्यासाठी शेतातल्या विहिरीइतका जवळचा दाखला दुसरा नाही, कारण दोन्हींचे गणित जवळपास एकच आहे.

पाच मीटर व्यासाची विहीर घ्या. तिच्यातले पाणी एक मीटरने उतरले म्हणजे सुमारे २०,००० लिटर पाणी गेले. मोटर बंद असताना पाणी एका पातळीवर स्थिर असते, तेव्हा झरे जणू झोपलेले असतात. पातळी खाली गेली की ते वाहू लागतात, आणि जितकी खाली जाईल तितके जोरात. समजा, पातळी एक मीटर उतरली की झऱ्यांतून तासाला २,००० लिटर येतात, दोन मीटर उतरली की ४,०००.

आता तासाला ६,००० लिटर ओढणारी मोटर सुरू करा. पहिल्या तासात पाणी जवळपास ३० सेंटिमीटर उतरेल. एक मीटर उतरल्यावर झरे २,००० लिटर देऊ लागतील, म्हणून उतरण्याचा वेग तासाला २० सेंटिमीटर होईल. दोन मीटरवर तो १० सेंटिमीटर. तीन मीटरवर झरे तासाला ६,००० लिटर देतील, म्हणजे मोटर ओढते तेवढेच. तिथे पाणी थांबेल आणि मोटर कितीही दिवस चालली तरी तिथेच राहील.

मोटर बदलून तासाला १२,००० लिटरची बसवली, तर तोल सहा मीटरवर साधेल. विहिरीत पाणीच पाच मीटर असेल तर? मग तोल साधणारच नाही, फूटव्हॉल्व उघडा पडेल. पण ही गोष्ट पहिल्या तासात कळत नाही. पहिल्या तासात पाणी जेमतेम साठ सेंटिमीटर उतरलेले असते आणि पाहणाऱ्याला वाटते, विहीर दमदार आहे. शेवटची पातळी ठरते झऱ्यांच्या ताकदीवर, आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागेल हे ठरते विहिरीच्या आकारावर. आपल्या विहिरीला हा तोल जवळपास साधायला एक-दोन दिवस लागतील. भूऔष्णिक साठ्याला वर्षे लागतात, कधी दशके. या उशिरानेच जगभरच्या वीजकेंद्रांना फसवले आहे.

३. दीड किलोमीटर खालची पातळी मोजायची कशी?

विहिरीत पातळी दिसते. दीड-दोन किलोमीटर खालच्या भेगांत पातळीऐवजी दाब मोजतात. थंड पाण्याच्या दहा मीटर उंच स्तंभाचा दाब जवळपास एक बार असतो. आपल्याभोवतीच्या हवेचा दाबही साधारण तेवढाच. अडीचशे अंशांचे पाणी फुगून हलके झालेले असते, म्हणून त्याचा एक बारचा स्तंभ साडेबारा मीटरच्या आसपास भरतो. दाब २५ बारने उतरला म्हणजे गरम पाण्याची पातळी तीनशे मीटर खाली गेल्यासारखे आहे.

हे मोजण्याची एक साधी पद्धत मला फार आवडते. उत्पादनासाठी न वापरलेली एक विहीर केवळ निरीक्षणासाठी राखून ठेवतात. तिच्यात काही मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची नळी ठरलेल्या खोलीपर्यंत सोडतात. नळीच्या खालच्या टोकाला, तळ उघडा असलेली छोटी कुपी असते. वरून नळीत हेलियम किंवा नायट्रोजन भरतात, तो कुपीतले पाणी बाहेर सारतो. आता खालचे पाणी वायूला दाबते, वायू तो दाब नळीतून वर आणतो आणि जमिनीवरच्या मापकावर आकडा उमटतो. अडीचशे अंशांत इलेक्ट्रॉनिक उपकरण फार काळ टिकत नाही. इथे ते खाली जातच नाही. वर्षानुवर्षे ठरावीक वेळाने तो आकडा टिपत जायचे. त्या नोंदींचा आलेख म्हणजे साठ्याची प्रकृती.

४. वैराकेई: वीस वर्षांचा उतार

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, ताउपो सरोवराजवळ, वैराकेई नावाचे क्षेत्र आहे. वाफेवर चालणारे लार्देरेल्लोचे केंद्र इटलीत १९१३ पासूनच होते. पण गरम पाण्याच्या साठ्यावरचे मोठे वीजकेंद्र पहिल्यांदा उभे राहिले ते वैराकेईला, नोव्हेंबर १९५८ मध्ये. अडीचशे अंशांचे पाणी विहिरीतून वर येताना दाब कमी होऊन त्याचा काही भाग वाफ होतो. ती वाफ टर्बाइनला द्यायची आणि उरलेले पाणी वायकाटो नदीत सोडायचे, अशी योजना होती. काही वर्षांत केंद्राची क्षमता १९० मेगावॅटच्या वर गेली. वापरलेले पाणी परत जमिनीत सोडण्याचा विचार तेव्हा नव्हता. त्यामुळे हा साठा म्हणजे एक स्वच्छ प्रयोग ठरला: नुसता उपसा केला तर काय होते?

विहिरीत होते तेच झाले. उपसा वाढला तसा सुरुवातीच्या वर्षांत खोलवरचा दाब झपाट्याने उतरला. पुढे उतार मंदावला. जवळजवळ २५ बारने खाली गेल्यावर आलेख सपाट होऊ लागला. केंद्र मात्र चालूच होते.

या २५ बारची किंमत जमिनीवर मोजावी लागली. केंद्राजवळच्या दरीत गरम पाण्याचे फवारे होते, ते पाहायला लोक लांबून येत. फवारा उडायला खालचे पाणी भूपृष्ठापर्यंत पोहोचावे लागते; पातळी शेकडो मीटर खाली गेल्यावर ते कुठून उडणार? १९६०चे दशक संपेपर्यंत ती दरी थंडावली. दुसरीकडे, मऊ गाळाच्या खडकांतल्या पाण्याचा दाब गेला आणि ते खडक वरच्या वजनाने दबले. एका भागात जमीन खचू लागली, अगदी जोरात होती तेव्हा वर्षाला जवळजवळ अर्धा मीटर. आजवर तिथली जमीन सुमारे १५ मीटर खचली आहे. पाच मजली इमारतीची उंची धरा. ओढ्याकाठी त्या खोलगट भागात पाणी साचले आहे.

आणखी एक गोष्ट घडली, ती कोणाला अपेक्षित नव्हती. काही किलोमीटरवर करापिती नावाच्या जागी थोडीशी वाफ पूर्वीपासून निघत असे. दाब उतरल्यावर तिथली वाफ कित्येक पटींनी वाढली. एका बाजूला फवारे मेले आणि दुसऱ्या बाजूला जमीन धुमसू लागली, आणि दोन्हींचे कारण एकच. ते पुढे पाहू.

परिणाम वैराकेईपुरता राहिला नाही. शेजारच्या ताउहारा क्षेत्रात वीजनिर्मितीसाठी कोणी थेंबही उपसला नव्हता, तरी तिथला दाबही उतरला, कारण खोलवर दोन्ही साठे जोडलेले आहेत. शेजाऱ्याने बोअर मारल्यावर आपली विहीर आटते, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

५. झरे वाहू लागले, हे ओळखले कसे?

आलेख सपाट झाला म्हणजे उपशाइतके पाणी कुठून तरी आत येत असणार, हा तर्क झाला. पुरावा दिला गुरुत्वाकर्षणाने. जमिनीखालून पाणी निघून गेले की तिथले वस्तुमान कमी होते आणि त्या जागेवरचे गुरुत्वाकर्षण किंचित घटते. किंचित म्हणजे मूळच्या काही कोटींश भागाएवढे. पण चांगले गुरुत्वमापक तेवढा फरक पकडतात. वैराकेईत १९६०च्या दशकापासून ठरलेल्या खुणांवर अशी मापे घेतली गेली. किती पाणी उपसले हे केंद्राच्या नोंदींवरून माहीत होते. जमिनीतून किती वस्तुमान खरोखर घटले हे मापकाने सांगितले. दोन्हींतला फरक म्हणजे आत आलेले पाणी. सुरुवातीच्या वर्षांत उपशाच्या मानाने भरपाई थोडीच होती. १९७०च्या दशकात ती जवळजवळ उपशाइतकी झाली.

इथे एक मोलाची गोष्ट हाती लागते. दाब उतरल्यामुळेच खोलवरचे ताजे गरम पाणी वर ओढले गेले. दाब मूळच्या पातळीवर राहिला असता तर ते आलेच नसते. म्हणून दाब उतरला की साठा बिघडला, असे लगेच म्हणू नये. तो किती उतरला, कशामुळे थांबला आणि त्या ओढीने येणारे पाणी गरम आहे की थंड, हे पाहावे. खालून गरम पाणी येत असेल तर केंद्र दशकानुदशके चालते. वरून किंवा बाजूने थंड भूजल शिरत असेल तर आलेख तसाच सपाट दिसतो, पण विहिरी एकेक करून निवत जातात. नुसत्या दाबाचा आलेख पाहून हा फरक कळत नाही. त्यासाठी पाण्याचे तापमान आणि त्यात विरघळलेले क्षारही नियमित तपासावे लागतात.

६. दाब उतरला की उकळी फुटते

महाबळेश्वरला पाणी पंचाण्णव अंशांच्या आसपासच उकळते, कारण तिथे हवेचा दाब कमी आहे. लडाखमधल्या पुगा खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटरवर, ते चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी अंशांना उकळते. दाब वाढवला की उलट होते. १८० अंशांच्या पाण्याची उकळी रोखायला १० बार लागतात, २४० अंशांसाठी साडेतेहतीस, २५० अंशांसाठी ४० आणि २६० अंशांसाठी ४७.

साठ्यातले अडीचशे अंशांचे पाणी वरच्या पाण्याच्या वजनाखाली, म्हणजे ४० बारहून जास्त दाबाखाली असेल तर ते पाणीच राहते. उपशामुळे दाब ४० बारवर आला की ते उकळू लागते. वैराकेईत साठ्याच्या वरच्या भागात असाच वाफेचा थर तयार झाला. वाफ हलकी, भेगा मिळतील तिथून ती वर निघाली, आणि करापितीची जमीन धुमसू लागली.

हा थर काही बाबतींत फायद्याचा ठरतो. नुसते पाणी दाबाखाली फारच थोडे आकुंचते: साध्या तापमानाला एक लाख लिटर पाण्यावर एक बार दाब वाढवला तर ते जेमतेम साडेचार-पाच लिटरने कमी होते. म्हणून पाण्याने गच्च भरलेल्या बंदिस्त साठ्यातून थोडे पाणी काढले तरी दाब धाडकन पडतो. उकळी सुरू झाली की काढलेल्या पाण्याची जागा फुगणारी वाफ घेते आणि दाबाचा उतार मंदावतो. उथळ विहिरींना पाण्याऐवजी कोरडी वाफ मिळू लागते. टर्बाइनला तीच हवी असते. पण उकळायला लागणारी उष्णता भोवतीच्या खडकातूनच येते. दाब ४० वरून साडेतेहतीस बारवर आला की उकळणारा थर २५० वरून २४० अंशांवर येतो. शिवाय उकळताना पाण्यातले सिलिका आणि चुना भेगांत आणि विहिरीच्या पाइपांत साचतात आणि वाट अरुंद करतात.

७. द गीझर्स: जिथे झरेच नव्हते

आता कॅलिफोर्नियाकडे वळू. द गीझर्सच्या भेगांत पाणी नाही, मुळापासूनच वाफ आहे. पाणी आहे ते खडकाच्या बारीक छिद्रांत अडकलेले. उपशाआधी तापमान सुमारे २४० अंश आणि दाब जवळपास ३५ बार होता. उकळीच्या वरच्या आकड्यांशी ताडून पाहा, दोन्ही जुळतात. भोवतालचे खडक घट्ट असल्याने बाहेरून पाणी आत येत नाही. पाझर नसलेली विहीरच म्हणा. वैराकेईसारखा तोल इथे आपोआप साधणार नव्हता.

१९६० मध्ये ११ मेगावॅटने सुरुवात झाली. पुढे १९७०च्या दशकातल्या तेलसंकटानंतर सरकारी सवलती मिळाल्या, अनेक कंपन्या आल्या, आणि एकाच साठ्यावर प्रत्येकीने आपापल्या हद्दीत विहिरी खोदल्या. १९८७ च्या सुमारास वाफेचा उपसा शिगेला पोहोचला आणि लगेच घसरू लागला.

घसरण एवढी तीव्र का, हे छोट्या हिशेबाने कळते. वाफेच्या विहिरीसाठी एक ढोबळ नियम आहे: साठ्यातल्या दाबाचा वर्ग करा, त्यातून विहिरीच्या तोंडाशी असलेल्या दाबाचा वर्ग वजा करा, वाफेचा प्रवाह त्या वजाबाकीच्या प्रमाणात असतो. टर्बाइनला ७ बार दाबाची वाफ हवी आहे असे धरू. साठ्यात ३५ बार असताना १,२२५ वजा ४९, म्हणजे १,१७६. दाब २५ बारवर आला की ६२५ वजा ४९, म्हणजे ५७६. दाब तिसऱ्या हिश्श्यानेही कमी झालेला नाही, पण वाफ निम्म्यावर आली. १८ बारला उरतात २७५, जेमतेम पाव हिस्सा. दाब घटला की वाफेला ढकलणारा जोर कमी होतो, शिवाय तीच वाफ विरळ होते. मार दोन्हीकडून बसतो.

वाफ कमी पडली की पहिला उपाय सुचतो तो नव्या विहिरी खोदण्याचा. तो काही काळ चालतोही. पण नव्या विहिरी त्याच साठ्यातून ओढतात, दाब आणखी लवकर उतरतो आणि जुन्या विहिरींची वाफ घटते. अनेक मालक आणि एकच साठा असेल, तर हात आखडता घेणाऱ्याचे नुकसान आणि भराभर ओढणाऱ्याचा फायदा होतो. विहिरींच्या आणि बोअरच्या स्पर्धेत आपल्याकडे कित्येक गावांचे भूजल असेच तळाला गेले. माझ्या मते द गीझर्सची खरी चूक अभियांत्रिकीतली नव्हती. साठ्याचा हिशेब सगळ्यांनी मिळून ठेवायला हवा होता, तो ठेवला गेला नाही.

८. पाणी परत द्यायचे, पण कुठे?

टर्बाइनमधून बाहेर आलेली वाफ थंड करून तिचे पाणी करतात. द गीझर्समध्ये त्या पाण्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग शीतक मनोऱ्यांतून हवेत उडून जात होता. जमिनीत परत जात होता तो उरलेला भाग. खडक गरम होता, कमी पडत होते ते पाणी. म्हणून पाणी बाहेरून आणायचे ठरले. १९९७ मध्ये लेक काउंटीच्या गावांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी जलवाहिनीने डोंगरावर आणून विहिरींत सोडायला सुरुवात झाली. २००३ च्या अखेरीस सांता रोझा शहराचे सांडपाणी सुमारे ६५ किलोमीटरच्या वाहिनीने येऊ लागले, रोज चार कोटी लिटरच्या आसपास. दाबाचा उतार मंदावला आणि उत्पादन सावरले. २,००० मेगावॅटचा आकडा काही परत आला नाही, पण क्षेत्र आजही चालू आहे. शहरांचा सांडपाण्याचा प्रश्नही यात सुटला, ही मला या साऱ्या कहाणीतली सर्वांत आनंदाची बाजू वाटते. याला दुसरी बाजूही आहे: थंड पाणी तापलेल्या खडकात शिरले की खडक आकसतो, भेगा सरकतात आणि लहान भूकंप होतात. त्यांतले बहुतेक माणसाला जाणवतही नाहीत. पण डिसेंबर २०१६ मध्ये या भागात ५.० तीव्रतेचा धक्का बसला होता.

गरम पाण्याच्या साठ्यात जागेची निवड अधिक नाजूक असते. उत्पादनाच्या विहिरींजवळ पाणी सोडले तर दाब चटकन सावरतो, पण एखादी मोठी भेग दोन्हींना जोडत असेल तर थंड पाणी तापायच्या आतच उत्पादनाच्या विहिरीत पोहोचते. फार लांब सोडले तर थंडावा टळतो आणि दाबाला आधारही मिळत नाही. म्हणून आधी सोडायच्या पाण्यात एखादे ओळखू येणारे रसायन मिसळतात आणि ते कोणत्या विहिरीत, किती दिवसांनी, किती प्रमाणात निघते ते पाहतात. लवकर आणि भरपूर निघाले तर ती जागा बाद. रसायन पोहोचले म्हणून थंडावाही त्याच दिवशी पोहोचला असे मात्र नाही. वाटेतला खडक पाण्याला तापवत राहतो, त्यामुळे थंडावा पाण्याच्या बराच मागून येतो. ही मधली मुदत अभियंत्याच्या कामाची असते.

वैराकेईत १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात पाणी परत सोडणे सुरू झाले. तिथे आणखी एक पेच होता. सगळे पाणी साठ्याच्या मध्यभागी परत दिले तर दाब वाढेल, आणि खालून येणाऱ्या गरम पाण्याची ओढ कमी होईल. किती परत द्यायचे आणि कोणत्या बाजूला, हे म्हणून प्रत्येक क्षेत्राचे वेगळे ठरते.

९. टप्प्याटप्प्याने

इतके कळल्यावर नव्या क्षेत्रात काय करावे, याचे उत्तर अवघड नाही. मोटर आधी लहान बसवावी. केनियातल्या ओल्कारिया क्षेत्रात १९८१ मध्ये १५ मेगावॅटचा एक संच सुरू झाला, पुढच्या वर्षी दुसरा, आणि १९८५ मध्ये तिसरा. साठ्याच्या नोंदी हाती येत गेल्या आणि आज त्याच परिसरात शेकडो मेगावॅटची निर्मिती होते. आइसलँडच्या अभियंत्यांनी ही टप्प्यांची पद्धत आग्रहाने मांडली आहे. तिची अडचण पैशाची असते. गुंतवणूकदाराला एकदम १०० मेगावॅट हवे असतात, आणि साठा आपले खरे उत्तर द्यायला पाच-दहा वर्षे घेतो.

उपसा थांबवला तर काय होईल, याचाही हिशेब झाला आहे. ऑकलंड विद्यापीठातील मायकेल ओ'सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैराकेईचे संगणकीय प्रारूप तयार केले. शंभर वर्षे उत्पादन करून केंद्र बंद केले असे धरले, तर दाब तुलनेने लवकर, काही दशकांतच सावरतो. तापमान मूळ स्थितीजवळ यायला सुमारे चारशे वर्षे लागतात. पहिल्या भागातला हिशेब इथे पुन्हा उपयोगी पडतो: उष्णतेचा साठा मोठा, म्हणून तो हळू उतरतो आणि हळूच भरतो.

१०. आपली कुंडे आणि पुगा

कोकणात वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीपासून उन्हवरे, तुरळ, राजवाडीपर्यंत गरम पाण्याची कुंडे आहेत. तिथे नेहमी विचारतात: यांच्यावर वीज करता येईल का, आणि केली तर कुंडे राहतील का? या कुंडांचे पाणी साधारण चाळीस ते सत्तर अंशांचे, म्हणजे थेट टर्बाइन फिरवण्याजोगे नाही; त्यासाठी अधिक खोल जावे लागेल, किंवा कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव वापरावा लागेल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर न्यूझीलंडच्या रोटोरुआ शहराने दिले आहे. तिथे लोकांनी घरे आणि हॉटेले तापवण्यासाठी अंगणोअंगणी बोअर घेतले, आणि शहराच्या कडेचे फवारे आणि झरे मंदावले. १९८६ मध्ये सरकारने पोहुटू या प्रसिद्ध फवाऱ्यापासून दीड किलोमीटरच्या आतले बोअर बंद करण्याचा आदेश दिला. दाब सावरू लागला आणि पुढच्या वर्षांत थंडावलेले अनेक झरे पुन्हा वाहते झाले. कुंड भरून वाहते ते खालचा दाब भूपृष्ठाच्या पातळीहून थोडासाच जास्त असल्यामुळे. पातळी एक-दोन मीटर उतरली तरी ते वाहायचे थांबते.

लडाखमधल्या पुग्याचे पाणी त्या उंचीवरच्या उकळीच्या तापमानाचे आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७०च्या दशकात तिथे विहिरी खोदून पाहिल्या आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसीने १ मेगावॅटच्या प्रायोगिक केंद्रासाठी करार केला. एक मेगावॅट ही सुरुवात योग्यच आहे. माझा आग्रह एवढाच, की उपसा सुरू होण्याआधी किमान एक-दोन वर्षे निरीक्षण विहिरीतला दाब, प्रत्येक झऱ्याचा प्रवाह आणि तापमान, आणि गुरुत्वाकर्षणाच्या खुणा मोजून ठेवाव्यात. ऋतूनुसार हे आकडे मुळातच किती बदलतात हे आधी माहीत नसेल, तर पुढे एखादा झरा मंदावल्यावर तो उपशाने मंदावला की हिवाळ्याने, याचा निवाडा करता येणार नाही. उपसा एकदा सुरू झाल्यावर ही मोजणी मागे जाऊन करता येत नाही.